सुतकात चाललेला हात

"ताई, तिथंच थांबा. आत नका येऊ. दारातूनच सांगा."

वहिनी असं म्हणाल्या तेव्हा माझा एक पाय स्वयंपाकघरात पडलेला होता. मी तो मागे घेतला. दारात काळ्या ग्रॅनाईटची पट्टी आहे. तिच्या अलीकडे उभी राहिले. पलीकडे ओटा. माझा ओटा, असं मी चार वर्षं समजत होते. ओट्याशी एक काकू होत्या. सोवळ्याची साडी नेसलेल्या, घामानं डबडबलेल्या. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. माझी कढई गॅसवर होती आणि माझं उलथनं त्यांच्या हातात.

तेराव्याचा दिवस होता. गेल्या होत्या त्या साहेबांच्या आई, वहिनींच्या सासूबाई. घरात सगळे त्यांना आई म्हणायचे म्हणून मीही आईच म्हणायचे. त्यांच्या नावानं जे पान वाढायचं, त्यावर त्यांच्या आवडीचं हवं होतं. हुलग्याचं माडगं, भरडलेल्या हुलग्यांची गोड पातळ पेज. ते काकूंना येत नव्हतं. मला येत होतं. म्हणून सकाळी फोन करून मला बोलावून घेतलं. करायला नाही. सांगायला.

"तुम्ही सांगा, त्या करतील," वहिनी म्हणाल्या. आणि हसल्या. कुत्सितपणे नाही, अगदी मनापासून. एक अडचण होती, ती सुटली, असं त्यांना वाटलं असावं.

मी लोकांच्या घरी जाऊन स्वयंपाक करते. सोलापुरात आता अशा बायका पुष्कळ आहेत. कुणी पोळ्या लाटतं आणि पर्स उचलून पुढच्या घरी पळतं. मी तशी नव्हते. नवं घर धरलं की आधी मी नुसती बघायचे. कोण ताटात काय उरवतं. कोण घास पाण्याबरोबर ढकलतं. कोण भाजी बघून तोंड वाकडं करतं आणि तरी सुनेच्या भीतीनं खातं. प्रत्येक घराची आपली एक जीभ असते. ती ओळखायची आणि आपली जीभ आपल्या घरी ठेवून यायची. या घरात साहेबांना आमटी जाळ, झणझणीत हवी असायची. वहिनी पुण्याकडच्या, त्यांना गूळ घातल्याशिवाय ती आमटीच वाटत नसे. मी एकाच पातेल्यातून दोघांचं काढायचे आणि दोन वेगळ्या फोडण्या द्यायचे. वहिनींना बरेच दिवस वाटत होतं की साहेब त्यांच्यासारखं गोड खायला लागले. मी काही बोलले नाही. संसार चालू द्यावा.

हे सगळं मला माझ्या मायनं शिकवलं. माय एका खानावळीत भांडी घासायची. मागच्या मोरीत. चुलीकडं जायची तिला मनाई होती. कणकेच्या परातीला तिचा पदर लागला म्हणून एकदा मालकानं ती अख्खी कणीक गाईला घातली, माझ्या डोळ्यांदेखत. मी तेव्हा शाळेतून तिला भेटायला गेले होते. मायनं ती रिकामी परात ओढून घेतली आणि घासली. पण भांड्याला जे चिकटून यायचं त्यावरून तिला कळायचं आत काय शिजलं ते. खोबरं भाजून घातलंय की कच्चं, तीळ किती, कोथिंबीर आधी की नंतर. घरी येऊन ती ते करून बघायची. इतकी चव होती तिच्या हाताला, आणि ती आमच्या खोलीबाहेर कुणी चाखली नाही.

"म्या मोरीतच ऱ्हायले," ती म्हणायची. "तू चुलीपतुर जा की पोरी."

लोकांना वाटतं स्वयंपाकीण म्हणजे हलकं काम. आमच्या घरात ते मोरीतून ओट्यावर झालेलं प्रमोशन होतं. पहिल्या दिवशी मी कामाला निघाले तेव्हा मायनं मला दारात उभं करून माझे केस स्वतः विंचरले होते. लग्न झालेल्या, पोराची आई असलेल्या बाईचे केस.

आणि माझा एक विश्वास होता. तो मी कधी कुणाला बोलून दाखवला नाही, पण रोज पदर खोचताना तो माझ्या मनात असायचा. मला वाटायचं, माणूस ज्याच्या हातचं रोज जेवतो त्याला तो फार काळ परका धरू शकत नाही. जात डोक्यात बसलेली असते, तिथं आपला हात पोचत नाही. पण पोटात पोचतो. भाषणं, मोर्चे ज्यांना करायचे त्यांनी करावेत. मी माझ्या आमटीनं हे काम करीन, असं मला खरोखर वाटायचं. वेडीच होते.

आई मूळच्या वैरागच्या. उभं आयुष्य शहरात काढलं तरी बोली तिकडचीच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"कुनाची गं तू?"

हा प्रश्न आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतो. बापाचं नाव सांगितलं तरी तो संपत नाही. म्हणून मी सरळ सांगितलं, "बौद्ध."

वहिनी घाईघाईनं मध्ये पडल्या. "आई, आता कोण बघतं असलं?"

आई बघत होत्या. त्यांनी माझ्या हातचं खाल्लं नाही. वहिनी ऑफिसला जायच्या आधी त्यांच्यापुरती भाकरी थापून ठेवायच्या. बाकी दूध, केळी आणि बेकरीची खारी. ती खारी कुणी मळली, कुणी भाजली, हे विचारायला काही त्या बेकरीत गेल्या नव्हत्या. मी रोज त्यांना विचारायचे, "आई, गरम वाढू का?" त्या मान हलवायच्या. न्हाय.

मग त्यांना कावीळ झाली. बऱ्या झाल्या, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. काही घशाखाली उतरेना. वहिनी रडकुंडीला आल्या. मी हे मायला सांगितलं. मायनं हुलगे भाजले, भरडले, गूळ आणि सुंठ घालून पातळ माडगं केलं. आमच्याकडं आजारातून उठलेल्या माणसाला हेच देतात. आमचं टॉनिक म्हणा. मी ते डब्यातून घेऊन गेले आणि आईंना स्वच्छ सांगितलं, "हे माझ्या घरचं आहे. माझ्या मायनं केलंय. खायचं तर खा."

त्या डब्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वैरागला करायचो आमी. म्या ल्हान हुते तवा." आणि वाटी पुढं केली.

सगळं प्यायल्या. वाटीला बोट फिरवलं. "उद्या बी आन की."

त्या दिवशी मी घरी चालत नाही, उडत गेले. मायला सांगितलं तर ती ताडकन उठली. शेजारणीकडं गेली. तिथून पुढच्या घरी. तिचं माडगं कुठल्या घरात कुणी प्यायलं हे तिनं वस्तीभर सांगितलं.

पुढं मी ते त्यांच्याच ओट्यावर करायला लागले. आईंची भाकरी वेगळी थापणं बंद झालं. त्या माझ्या हातचं सगळं खायला लागल्या आणि खोड्याही काढायच्या. भाजीत मीठ बरोबर असलं तरी म्हणायच्या, "मीठ इसरलीस जणू." मी धावत येऊन चाखून बघितलं की खुदकन हसायच्या. शेवटच्या वर्षी त्यांचे हात कापायला लागले. मग मी भरवायचे. वहिनींना वेळ नसे, साहेबांना सुचत नसे आणि ठेवलेल्या नर्सच्या हातचं त्या घेत नसत. मी यायच्या वेळी गेटकडं डोळे लावून बसायच्या.

"तू न्हाईस तर मला घास जात न्हाय बग."

हे त्यांनी मला म्हटलं. माझा हात मनगटाशी धरून म्हटलं. मी मायला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, पोराला सांगितलं. आपण जिंकलो, असं मला वाटलं होतं. आज ते लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं होतं. आपल्या हातानं एका म्हातारीच्या डोक्यातलं सगळं धुऊन निघालं. मी त्यांना जीव लावला. मायच्या खालोखाल.

त्यांच्या पोटात शेवटचं गेलं ते माझ्या हातचं चार चमचे माडगं.

घराला सुतक लागलं. देव झाकून ठेवले. सगळं घर विटाळलेलं. घरातल्या कुणी पूजेला हात लावायचा नाही, शेजाऱ्यांनी तिथं पाणी प्यायचं नाही. त्या दिवसांत त्या घरात स्वयंपाक कुणी केला? मी केला. आलं-गेलं, भेटायला येणारे, लेकी, जावई, सगळ्यांना पिठलं-भात मी वाढला. चूल माझीच होती. कुणाला काही खटकलं नाही. मी डोळे पुसत पुसत भाकऱ्या थापत होते.

तेराव्याच्या आदल्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "ताई, उद्या तुम्ही नका येऊ. फार दमलात."

मला वाटलं, किती काळजी करतात. म्हटलं, "नाही वहिनी, उद्याच तर आईंसाठी करायचंय." त्या म्हणाल्या, "बघू." मी रात्री हुलगे निवडून ठेवले. आणि सकाळी तो फोन आला, जरा येऊन सांगून जाता का म्हणून.

तर मी दारात उभी होते. काकू म्हणाल्या, "सांगा की हो. मला न्हाय माहिती." बाई गरीब होती. तिचा काही दोष नव्हता. पोटासाठीच आली होती, माझ्यासारखी.

मी सांगायला लागले. "हुलगे आधी मंद आचेवर भाजा. तडतडू देऊ नका." त्यांनी हुलगे कढईत टाकले. वास सुटला. तो वास आणि ती रिकामी खुर्ची, जिथं बसून आई वाट बघायच्या. मी सांगायचं थांबले.

"वहिनी," मी विचारलं, "मी का नको?"

त्यांनी मला हाताला धरून बाजूच्या बोळात नेलं. हाताला धरायला त्यांना काही अडलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ताई, राग मानू नका. आम्ही हे मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण आईंचीच इच्छा होती. दिवाळीतच मला सांगून ठेवलं होतं त्यांनी."

"काय सांगितलं होतं?"

वहिनींनी एकदा हॉलकडं बघितलं. मी परत विचारलं. मग त्यांनी सांगितलं. आईंचेच शब्द, आईंच्याच बोलीत. "म्हणाल्या, पोरीच्या हाताला लई चव हाय. जितं हाय तवर तिच्याच हातचं खाईन. पर माज्या तेराव्याला तिचा हात लागू दिऊ नका. वर मला आडवतील."

वर मला अडवतील.

हे खोटं असतं तर बरं झालं असतं. पण वहिनींना ती बोली रचून बोलता येत नाही. आईच बोलल्या होत्या. दिवाळीत. दिवाळीत मी त्यांना भरवत होते. करंजीचा चुरा करून, दुधात भिजवून, चमच्यानं. त्या तोंड उघडत होत्या आणि त्यांच्या मनात हे होतं. माझा हात हातात घ्यायच्या तेव्हाही हे होतंच. जगायला माझा हात लागत होता आणि स्वर्गाच्या दारात तोच त्यांना नको होता. घर विटाळलेलं असताना मी चालले. घर शुद्ध झालं आणि मी विटाळ झाले.

मला वहिनींचा राग आला नाही तेव्हा. साहेबांचाही नाही. मला आईंच्या फोटोकडं बघवेना. बाई मरून गेलेली. भांडणार कुणाशी? तिला गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, आई, मी काय कमी केलं होतं? चार वर्षांत कुठला घास मी मन न लावता दिला? असं रडू आलं मला त्या बोळात, जणू माझी स्वतःची माय गेली. आणि आईंच्याच घरात मला त्यांच्यासाठी मोठ्यानं रडायचीसुद्धा चोरी होती, कारण हॉलमध्ये वैरागचे पाहुणे बसले होते.

साहेब आले. "काय झालं? गुरुजी खोळंबलेत. माडग्याचं सांगितलं का यांनी?"

तेव्हा माझ्या आत काहीतरी एकदम थंड झालं. मी तोंड पुसलं.

"सगळं नाही सांगितलं," मी म्हणाले. "आणि पुढचं सांगणार नाही."

"म्हणजे?"

"ते माडगं माझ्या मायचं आहे. आमच्या घरातून आलंय. ते आमच्या हातासकट येतं साहेब. हात नको असेल तर ते पण नको."

"अहो, एवढं काय मनाला लावून घेताय? आम्ही तुम्हाला घरचंच समजतो."

"घरचे सगळे आत आहेत. मी बोळात आहे."

साहेब वहिनींकडं बघायला लागले. वहिनी मला म्हणाल्या, "ताई, आईंसाठी तरी." हे मात्र लागलं. एक क्षण वाटलं, सांगून टाकावं. मेलेल्या माणसाचं पान आहे. पण मी सांगितलं असतं तर पुढच्या वर्षीही मला तिथंच उभं केलं असतं, पट्टीच्या अलीकडं. आणि मी दरवर्षी रडत रडत सांगितलं असतं. मी चप्पल घातली. मागून वहिनींचा आवाज आला, "जेवण तरी घेऊन जा ताई, डबा देते." मी वळून बघितलं नाही.

आईंच्या पानावर माडगं नव्हतं. नंतर मला कळलं, त्याऐवजी खीर वाढली. आईंना खीर आवडायची नाही. मला त्याचं वाईट वाटलं. अजून वाटतं. ज्या बाईनं मला असं तोडलं तिच्या पानावर तिच्या आवडीचं पडलं नाही म्हणून मला वाईट वाटतं. मनाचं काय करायचं ते मला कळत नाही.

मायला सांगितलं तर ती भडकली. माझ्यावरच.

"मेलेल्या मान्साच्या पानाशी वैर धरत्यात व्हय गं? सांगून टाकायचं की. काय झिजलं असतं तुजं?"

"माय, त्यांना माझा हात नको होता."

"नगं तर नगं. आपल्याला काय नवीन हाय त्यात?"

"तुझा पण नको होता. ते माडगं तुझं होतं. त्यांना तुझं माडगं हवं होतं आणि तू नको होतीस."

माय उठली. मोरीत गेली आणि सकाळी घासून पालथी घातलेली भांडी परत घासायला बसली. मी तिला थांबवलं नाही. मला थांबवता आलं नाही. ती वस्तीत ज्या ज्या घरी ते सांगून आली होती, त्या सगळ्या घरांवरून तिला रोज नळाला जायचं होतं.

बरेच दिवस मी कुठं कामाला गेले नाही. घरातल्या भाजीत दोनदा मीठ पडायचं, कधी पडायचंच नाही. नवरा तसंच खायचा. त्या दिवसांत मला एक गोष्ट हळूहळू कळत गेली. पोटातून डोक्यात वाट जात नाही. भूक लागली की माणूस कुणाच्याही हातचं खातो, आणि पोट भरलं की त्याचं डोकं होतं तिथंच येऊन बसतं. मी चार वर्षं आमटीत, भाकरीत, माडग्यात एक अर्ज कालवून देत होते. मला तुमच्यातली म्हणा, असा. त्यांनी जेवण खाल्लं आणि अर्ज ताटात बाजूला काढून ठेवला, कढीपत्त्याच्या पानासारखा.

मग मी परत काम शोधायला लागले. आता दारातच सांगते. विजापूर रोडला एका बंगल्यात गेले. बाईंनी काय काय येतं ते विचारलं. मी म्हटलं, सगळं येतं, पण आधी माझं ऐका. मी बौद्ध आहे. माझा हात चालणार असेल तर सगळ्या दिवशी चालला पाहिजे. सणाला, पूजेला, नैवेद्याला, तेराव्याला. बाई म्हणाल्या, विचारून सांगते. त्यांनी अजून विचारलेलं दिसत नाही. दुसरीकडं एका सरांनी पाणी दिलं, माझं कौतुक केलं, समाजात केवढा बदल झालाय ते समजावून सांगितलं आणि आम्हाला सध्या गरज नाही म्हणाले. तिसऱ्या घरी एक तरुण जोडपं होतं. ती मुलगी म्हणाली, "गौरीच्या जेवणाला सासूबाई येतात. त्यांना मी सांगेन." मी म्हटलं, "आधी सांगा. मग मी येते." तिनं माझ्यासमोर फोन लावला. पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. मुलीचा चेहरा लाल झाला, पण तिनं फोन ठेवला नाही. त्या घरी मी आता जाते. चांगला स्वयंपाक करते. गोड मात्र बोलत नाही. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या फार जवळ जात नाही. ते माझ्यातून गेलं ते गेलं.

मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला.

"ताई, परत या ना. कुणाला जेवण जात नाही घरात. तुमच्या हाताची सवय झालीय."

मी कणीक मळत होते. हात तसाच ठेवून म्हटलं, "येते. आईंचं वर्षश्राद्ध येईल, तो स्वयंपाक मी करणार. आत, ओट्यावर. चालेल?"

वहिनींनी आवाज उतरवला. "ताई, ते आईंचं... तुम्हाला माहीत आहे ना."

"माहीत आहे. म्हणूनच विचारलं."

त्या रडायला लागल्या. पूर्वी मी विरघळले असते. त्यांचं रडणं खोटं नव्हतं, आईंचं माझं मनगट धरणंही खोटं नव्हतं. पण त्यांच्या खऱ्या रडण्यानं मला आत घेतलं नाही. मी फोन ठेवला आणि कणीक पुरी मळली.

मी स्वयंपाक करते. उत्तम करते. पण कुणाची जात घालवायला करत नाही. ती ज्यांनी जपली आहे त्यांनीच ती काढून टाकावी, मी ती धुऊन देणार नाही. ज्या घरात मरणाच्या दिवशी माझा हात चालत नाही, त्या घरात जगायच्या दिवशीही तो मिळणार नाही. मग कुणी उपाशी राहो. म्हातारी असली तरी. मला जीव लावलेली असली तरी.